चारचा आकडा : 'ओहायो' या गाण्याविषयी

घडलेल्या घटनेवर गाणे रचण्याची चाल बहुतेक सर्व समाजांत आहे. आपल्याकडे हे काम पोवाड्याने केले. पोवाड्यात प्रसंग सांगितला जातो, माणसांची नावे घेतली जातात, कोण कोठून आला आणि पुढे काय घडले हे श्रोत्यांपुढे क्रमाने उभे राहते. १९७० सालच्या मे महिन्यात अमेरिकेत रचल्या गेलेल्या 'ओहायो' या गाण्यात यांपैकी जवळजवळ काहीच नाही. त्यात प्रसंगाचे सविस्तर वर्णन नाही, मृतांची नावे नाहीत, ज्या युद्धामुळे हे सारे घडले त्याचा उल्लेखही नाही. आहे ते एका राष्ट्राध्यक्षाचे नाव, एका राज्याचे नाव आणि एक आकडा. तरीही केंट स्टेट विद्यापीठात ४ मे १९७० रोजी झालेल्या गोळीबाराची आठवण सर्वसामान्य माणसांच्या मनात ज्या रूपाने टिकून राहिली, त्यात या तीन मिनिटांच्या गाण्याचा वाटा कोणत्याही ग्रंथापेक्षा मोठा आहे. हे कसे घडले, आणि असे घडल्यामुळे काय राखले गेले व काय निसटले, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम घटना पाहू. रिचर्ड निक्सन हे १९६८ च्या निवडणुकीत व्हिएतनाम युद्ध सन्मानाने संपवण्याची ग्वाही देऊन निवडून आले होते. ३० एप्रिल १९७० च्या रात्री दूरचित्रवाणीवरून भाषण करून त्यांनी अमेरिकी सैन्य कंबोडियात शिरत असल्याचे जाहीर केले. युद्ध आटोपण्याऐवजी शेजारच्या देशात पसरणार, असा त्याचा अर्थ तरुणांनी लावला. सक्तीची सैन्यभरती चालू होती. त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ तत्त्वाचा नव्हता. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठांत निदर्शने सुरू झाली. त्याच दिवशी निक्सन यांनी आंदोलक विद्यार्थ्यांची संभावना 'उनाड भटके' अशा अर्थाच्या शब्दाने केली आणि तो शब्द वर्तमानपत्रांत छापून आला.

केंट हे ओहायो राज्याच्या ईशान्य भागातले लहानसे गाव. तेथील विद्यापीठाला पूर्व वा पश्चिम किनाऱ्यावरच्या नामांकित विद्यापीठांची प्रतिष्ठा नव्हती. कामगार आणि कनिष्ठ मध्यमवर्गीय घरांतली मुले तेथे मोठ्या संख्येने शिकत. १ मेच्या रात्री गावात दुकानांच्या काचा फुटल्या. २ मेच्या रात्री विद्यापीठाच्या आवारातील, लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाणारी लाकडी इमारत जळाली. नॅशनल गार्ड म्हणजे राज्याच्या आज्ञेत असलेले, बहुतांशी अर्धवेळ सैनिकांचे दल. मालमोटारचालकांच्या संपावरच्या बंदोबस्तातून हे सैनिक थेट विद्यापीठात आणले गेले. ३ मे रोजी गव्हर्नर जेम्स ऱ्होड्स केंटमध्ये आले आणि त्यांनी आंदोलकांची तुलना नाझींच्या तपकिरी गणवेशातल्या टोळ्यांशी केली. ५ मे रोजी त्यांच्या पक्षाची सिनेटसाठीची प्राथमिक निवडणूक होती आणि ते उमेदवार होते. कठोर शासक म्हणून दिसण्याची त्यांना गरज होती, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही.

सोमवार, ४ मे रोजी दुपारी बारा वाजता मैदानात सभा जमली. सभेस बंदी होती, पण वर्ग नेहमीप्रमाणे चालू होते. त्यामुळे गर्दीत निदर्शक होते, बघे होते आणि एका वर्गातून दुसऱ्या वर्गाकडे निघालेले विद्यार्थीही होते. सैनिकांनी अश्रुधूर सोडला, गर्दीला टेकडीपलीकडे रेटले, पलीकडच्या खेळाच्या मैदानावर ते काही मिनिटे थांबले आणि मग आल्या वाटेने परत टेकडी चढू लागले. माथ्यावर पोहोचल्यावर त्यांच्यातील काही जण अचानक मागे वळले आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. वेळ १२ वाजून २४ मिनिटे. गोळीबार १३ सेकंद चालला. अठ्ठावीस सैनिकांनी बंदुका चालवल्या आणि सुमारे ६७ गोळ्या सुटल्या. चौघे मरण पावले, नऊ जखमी झाले. जखमींपैकी डीन केहलर या विद्यार्थ्याचे कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले.

मृतांची नावे गाण्यात नाहीत, म्हणून ती येथे नोंदवणे आम्हांला आवश्यक वाटते. ॲलिसन क्राउझ, वय १९. जेफ्री मिलर, वय २०. सँड्रा शॉयर, वय २०. विल्यम श्रोडर, वय १९. क्राउझ आणि मिलर निदर्शनांत सामील होते. शॉयर वर्गाकडे चालली होती. श्रोडर तर त्याच लष्करी प्रशिक्षण योजनेतला विद्यार्थी होता आणि त्याला गोळी पाठीत लागली. सर्वांत जवळचा मिलर सैनिकांपासून सुमारे ८० मीटरवर होता. उरलेले तिघे शंभर मीटरहून अधिक अंतरावर होते. इतक्या लांबून फेकलेल्या दगडाने सैनिकाच्या जिवाला धोका संभवतो काय, हा प्रश्न पुढे अनेक वर्षे न्यायालयांत आणि न्यायालयांबाहेर विचारला गेला.

'लाइफ' साप्ताहिकाच्या १५ मे १९७० या तारखेच्या अंकात केंटची छायाचित्रे छापून आली. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग या त्या वेळी लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या गायकसमूहातील डेव्हिड क्रॉस्बी आणि नील यंग तेव्हा उत्तर कॅलिफोर्नियात पेस्काडेरोजवळ राहत असलेल्या एका मित्राच्या घरी होते. क्रॉस्बीने अंक यंगच्या हाती दिला. यंगने छायाचित्रे पाहिली, गिटार घेतली आणि तेथेच गाणे रचले. क्रॉस्बीने ही हकीकत पुढे अनेकदा सांगितली. २१ मे रोजी लॉस एंजेलिसच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत चौघे जमले. बास गिटारवर कॅल्विन सॅम्युएल्स आणि ड्रमवर जॉनी बार्बाटा होते. सारे वादक आणि गायक एकाच वेळी गात-वाजवत थोडक्याच प्रयत्नांत ध्वनिमुद्रण पुरे झाले. त्याच बैठकीत स्टिल्सचे 'फाइंड द कॉस्ट ऑफ फ्रीडम' हे छोटे शोकगीत तबकडीच्या दुसऱ्या बाजूसाठी मुद्रित झाले. घटनेपासून हा सतरावा दिवस. जून महिन्यात अटलांटिक कंपनीची तबकडी बाजारात आली.

हा वेग समजून घेतला पाहिजे. रॉक संगीतात १९७० पर्यंत स्टुडिओ हे एक प्रकारचे यंत्रमंदिर झाले होते. एकेका गाण्यावर आठवडेच्या आठवडे काम चाले, आवाजावर आवाज चढवले जात. याच समूहाची 'देजा वू' ही मार्च १९७० मध्ये निघालेली ध्वनिमुद्रिका अशीच दीर्घ परिश्रमांची होती. 'ओहायो'मध्ये ती सफाई नाही, आणि ती नसणे हा त्याच्या अर्थाचाच भाग आहे. यंगने गिटारची सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक अशा दोन्ही तारा एकेक स्वर खाली उतरवल्या आहेत. त्यामुळे तंबोऱ्यासारखा एक आधारस्वर गाण्याखाली सतत घुमत राहतो. त्यावर चढत-उतरत परतणारा गिटारचा एक छोटा तुकडा, मग दुसरी गिटार, मग लष्करी कवायतीची आठवण देणारा ड्रमचा ठेका. चाल पुढे सरकते, पण कोठे पोहोचत नाही. ती पुन्हा त्याच तुकड्याकडे येते. शेवटी आकड्याचे पालुपद वारंवार म्हटले जात असताना मागे क्रॉस्बीचे ओरडणे ऐकू येते. ते रचलेले गायन नाही. मुद्रण संपले तेव्हा क्रॉस्बी रडत होता, असे यंगने पुढे नमूद केले आहे.

आता शब्दांकडे वळू. गाणे जेमतेम दहा-बारा ओळींचे. पहिल्याच ओळीत सैनिकांसाठी मुलांच्या खेळण्यातल्या शिपायांची प्रतिमा येते आणि लगोलग निक्सन यांचे नाव येते. गोळीबाराचा आदेश निक्सन यांनी दिला नव्हता. गार्ड हे दल गव्हर्नरच्या अखत्यारीतले होते. इतिहासाच्या काटेकोर निकषावर कवीने येथे घाई केली आहे असे कोणी म्हणेल. पण खेळण्यातला शिपाई कोणीतरी किल्ली दिल्याशिवाय चालत नाही, हा त्या प्रतिमेतला अर्थ लक्षात घेतला म्हणजे राष्ट्राध्यक्षाचे नाव लगतच का येते हे कळते. नाव घेणारा नील यंग चोवीस वर्षांचा होता आणि कॅनडाचा नागरिक होता. त्या देशात त्याला मतदानाचाही हक्क नव्हता. अमेरिकेचे नागरिकत्व त्याने घेतले ते २०२० साली. परक्याने यजमानाच्या घरात उभे राहून घरधन्याचे नाव घ्यावे, असा तो प्रकार होता.

मधल्या कडव्यात श्रोत्याला एक प्रश्न केला आहे : जमिनीवर मरून पडलेली ती मुलगी तुझ्या ओळखीची असती तर? गाण्यातली ही एकमेव व्यक्ती, आणि तिलाही नाव नाही. आम्हांला या गाण्याचे मर्म येथे दिसते. नाव दिले असते तर ती कोणा एका घरची झाली असती. नाव न दिल्याने श्रोता आपल्या ओळखीतली कोणी मुलगी तेथे पाहतो. ॲलिसन क्राउझच्या वडिलांनी मुलीच्या मृत्यूनंतर दूरचित्रवाणीवर निक्सन यांच्या त्या अपशब्दाचा उल्लेख करून आपली मुलगी तशी नव्हती असे सांगितले होते. बापाला जे आपल्या मुलीविषयी सांगावे लागले, तेच गाणे कोणाच्याही मुलीविषयी विचारते.

त्याच कडव्यातील एका ओळीचा अर्थ मात्र आजवर निश्चित झालेला नाही. ती आंदोलकांच्या तोंडची मानावी की गोळीबाराचे समर्थन करणाऱ्यांच्या, हे व्याकरणाने ठरत नाही. जे झाले ते याआधीच व्हायला हवे होते, असा तिचा भाव. पण 'ते' म्हणजे काय, हे उघडे सोडले आहे. घाईत लिहिलेल्या गाण्यातली ही ढिलाई आहे असे म्हणून ती सोडून देता आली असती. पण जेम्स मिचनर यांचे १९७१ साली निघालेले केंट स्टेटवरचे पुस्तक ज्यांनी वाचले आहे, त्यांना ती ओळ ऐकून शहारल्याशिवाय राहवणार नाही. गोळ्या घातल्या ते योग्यच झाले, आणखी घालायला हव्या होत्या, असे म्हणणारी त्या परिसरातली माणसे, क्वचित विद्यार्थ्यांचे आईबापही, त्या पुस्तकात भेटतात. कवीने ठरवून केले असो वा नसो, देशातले दोन्ही आवाज त्या एका ओळीत मावले आहेत.

दुसरा आवाज किती मोठा होता, हे विसरता कामा नये. गोळीबारानंतर लगेच गॅलप संस्थेने 'न्यूजवीक'साठी घेतलेल्या जनमतचाचणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला होता आणि केवळ ११ टक्के लोकांनी नॅशनल गार्डला. ८ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये बांधकाम कामगारांनी युद्धविरोधी निदर्शकांना रस्त्यात मारहाण केली. दुसऱ्या बाजूला शेकडो महाविद्यालये विद्यार्थ्यांच्या संपामुळे बंद पडली. अशा दुभंगलेल्या देशात हे गाणे बाहेर पडले. अनेक ए.एम. केंद्रांनी राष्ट्राध्यक्षाचे नाव आहे म्हणून ते वाजवण्याचे नाकारले. तरुण श्रोत्यांच्या एफ.एम. केंद्रांनी ते उचलून धरले. बिलबोर्डच्या यादीत ते १४ व्या क्रमांकापर्यंत गेले. त्याच समूहाचे ग्रॅहम नॅशचे 'टीच युअर चिल्ड्रन' हे गाणे त्या सुमारास यादीत वर चढत होते; ते १६ व्या क्रमांकावर थांबले. मुलांना काय शिकवावे हे सांगणारे सौम्य गाणे मागे पडले आणि शिकायला गेलेल्या मुलांच्या मृत्यूचे गाणे पुढे गेले. हा योगायोग नॅशलाही जाणवला असणार.

गाण्याने काय साधले? राजकारण पालटले नाही. १९७२ च्या निवडणुकीत निक्सन यांनी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकली. त्यांत ओहायोही होते. न्यायही मिळाला नाही. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने १९७० मध्येच हा गोळीबार अनावश्यक आणि अक्षम्य ठरवला होता. पण त्याच वर्षी ओहायोच्या ग्रँड ज्युरीने ज्या पंचवीस जणांवर आरोप ठेवले त्यांत एकही सैनिक नव्हता. बहुतेक विद्यार्थीच होते. १९७४ साली आठ सैनिकांवर केंद्राने भरलेला खटला न्यायाधीशांनी पुराव्याअभावी काढून टाकला. शेवटी १९७९ मध्ये तडजोड झाली. राज्याने सहा लाख पंच्याहत्तर हजार डॉलर दिले, त्यासोबत खेद व्यक्त करणारे एक निवेदन. या रकमेतला सर्वांत मोठा भाग केहलरला मिळाला. मृतांच्या प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला पंधरा हजार डॉलर आले.

मग गाण्याने केले काय, तर विसरू दिले नाही. याची किंमत कळण्यासाठी विद्यापीठाने दरम्यान काय केले ते पाहावे. पाच वर्षांनी, म्हणजे १९७५ साली, विद्यापीठाने अधिकृत स्मृतिदिन बंद केला. तो पुढे चालवला विद्यार्थ्यांनी. १९७७ मध्ये घटनास्थळाच्या काही भागावर व्यायामशाळेची इमारत बांधण्याचे ठरले. विद्यार्थ्यांनी तंबू ठोकून सत्याग्रह केला, अटका झाल्या आणि इमारत उभी राहिलीच. ज्या वाहनतळावर चौघे कोसळले, तेथे त्यानंतर कितीतरी वर्षे मोटारी उभ्या राहत होत्या. ती चार ठिकाणे दगडी कठडे आणि दिवे लावून राखून ठेवली गेली ती १९९९ साली. २०१६ मध्ये त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तोवर जवळजवळ अर्धशतक या मृतांचे स्मारक म्हणून सर्वांत सार्वजनिक अशी जी गोष्ट होती, ती रेडिओवर वाजणारे हे गाणे.

पण येथेच दुसरी बाजू सुरू होते. 'लाइफ'च्या ज्या अंकावर १५ मे ही तारीख आहे, त्याच १५ मेच्या मध्यरात्री मिसिसिपी राज्यातील जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात पोलिसांनी मुलींच्या वसतिगृहावर सुमारे अर्धा मिनिट बेछूट गोळीबार केला. चारशेहून अधिक गोळ्या सुटल्या. फिलिप लाफायेट गिब्ज हा २१ वर्षांचा विद्यार्थी आणि जेम्स अर्ल ग्रीन हा १७ वर्षांचा शाळकरी मुलगा मरण पावला. ग्रीन दुकानातले काम आटोपून घरी निघाला होता. बारा जण जखमी झाले. हे घडले तेव्हा 'ओहायो'चे ध्वनिमुद्रण व्हायला अजून सहा दिवस होते. केंटची चौकशी करणाऱ्या आयोगानेच जॅक्सनचीही चौकशी केली. शिक्षा कोणालाच झाली नाही. शहराच्या महापौरांनी जाहीर माफी मागितली ती २०२१ मध्ये, म्हणजे एक्कावन्न वर्षांनी. त्याआधी फेब्रुवारी १९६८ मध्ये साउथ कॅरोलायनातील ऑरेंजबर्ग येथे अशाच गोळीबारात तीन कृष्णवर्णीय तरुण मारले गेले होते. ते तर त्याहून विस्मृतीत गेले.

जॅक्सनवर गाणी झालीच नाहीत असे नाही. स्टीव्ह मिलर बँडने १९७० साली आणि बीच बॉइजनी १९७१ साली केंटबरोबर जॅक्सनचेही नाव गाण्यात घेतले. पण ती गाणी लोकांच्या कानांत राहिली नाहीत. राहिला तो चारचा आकडा. याचा दोष यंगला देणे बरोबर होणार नाही. त्याने जी छायाचित्रे पाहिली त्यांच्यावर लिहिले. प्रश्न छायाचित्रांचा आहे. केंटचे म्हणून जे छायाचित्र जगाला ठाऊक आहे, ते जॉन फिलो या त्याच विद्यापीठातील विद्यार्थ्याने टिपले. मिलरच्या देहाशेजारी गुडघे टेकून, हात पसरून आक्रोश करणारी मुलगी त्यात दिसते. तिचे नाव मेरी ॲन व्हेकिओ. ती त्या विद्यापीठाची विद्यार्थिनी नव्हतीच. फ्लोरिडातल्या घरून निघून आलेली चौदा वर्षांची मुलगी होती. फिलोला १९७१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. जॅक्सनमध्ये गोळीबार मध्यरात्री झाला. अंधारात असे छायाचित्र निघाले नाही, आणि निघाले असते तरी किती मासिकांनी ते छापले असते, हा प्रश्न राहतोच. शोकाची वाट आधी कॅमेऱ्याने आखली आणि गाणे त्या वाटेने गेले. फिलोच्या त्या छायाचित्रात मुलीच्या डोक्यामागे कुंपणाचा एक खांब येतो. पुढे मासिकांतून जी प्रत फिरली तिच्यात कोणीतरी तो खांब पुसून टाकलेला होता. स्मरणाचे काम असेच चालते. जे चित्राच्या आड येते ते पुसले जाते.

ही उणीव ज्यांच्या लक्षात सर्वांआधी आली असावी, अशांत आयझली ब्रदर्स यांचे नाव घ्यावे लागेल. हा कृष्णवर्णीय बंधूंचा समूह मूळचा सिनसिनाटीचा, म्हणजे ओहायो राज्यातलाच. १९७१ च्या 'गिव्हिन इट बॅक' या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी श्वेतवर्णीय कवींची गाणी स्वतःच्या आवाजात गायली. तिची सुरुवातच 'ओहायो'ने होते, आणि ते गाणे थेट जिमी हेंड्रिक्सच्या 'मशीन गन'ला जोडले आहे. हेंड्रिक्स १९६४ साली याच बंधूंच्या ताफ्यात वाजवत असे. १९७० च्या सप्टेंबरात तो वारला होता. तीन मिनिटांचे गाणे येथे नऊ मिनिटांच्या आसपास चालते. यंगच्या मुद्रणातला संताप येथे संथ होतो आणि शेवटी प्रार्थनेच्या जवळ जातो. शब्दांत जॅक्सन येत नाही. पण गाणारे कोण आहेत हे ऐकणाऱ्याला माहीत असते, आणि तेवढ्याने आकड्याचा अर्थ पालटतो. चार हे मोजणीचे शेवटचे टोक राहत नाही.

त्या दिवशी केंटच्या मैदानावर असलेल्या विद्यार्थ्यांत जेरल्ड कसाली हाही होता. क्राउझ आणि मिलर या दोघांशी त्याची ओळख होती. त्या दुपारीच आपला आशावाद संपला, असे तो नंतर सांगत आला. मानवजात पुढे जात नसून मागे चालली आहे, या उपहासाच्या कल्पनेवर त्याने आणि त्याच्या मित्रांनी पुढे 'डिव्हो' हा समूह उभा केला. या समूहाने 'ओहायो' स्वतः गायले ते २००२ साली. प्रत्यक्ष पाहणाऱ्याला ते गाणे गाण्यास बत्तीस वर्षे लागली आणि दुरून छायाचित्र पाहणाऱ्याला ते रचण्यास एक दुपार पुरली, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. अनुभवाची जवळीक आणि अभिव्यक्तीची सहजता यांचे गणित आपण समजतो तितके सरळ नसते.

खुद्द यंगच्या मनात या गाण्याविषयी अस्वस्थता होती. १९७७ साली त्याने आपल्या निवडक गाण्यांचा 'डेकेड' हा संच काढला आणि त्यात प्रत्येक गाण्यावर स्वहस्ते टिपण लिहिले. 'ओहायो'वरच्या टिपणात या विद्यार्थ्यांच्या मृत्यूतून आपला लाभ झाला, हा विपर्यास त्याने स्वतःच नोंदवला आहे. असे कबूल करणारे कलावंत थोडे. त्याच संचात 'कँपेनर' नावाचे दुसरे एक गाणे आहे. १९७६ साली पॅट निक्सन यांना पक्षाघात झाला, त्या वेळी पायउतार झालेल्या निक्सन यांना रुग्णालयात जाताना दूरचित्रवाणीवर पाहून यंगने ते रचले. त्यातही निक्सन यांचे नाव आहे, पण या वेळी अनुकंपेने घेतलेले. सहा वर्षांपूर्वी ज्याच्याकडे बोट दाखवले त्याच माणसाचे दुःखही दिसावे, यात आम्हांला विसंगती वाटत नाही. पहिल्या गाण्यातही कवीने प्रश्न विचारला होता तो हाच, की मरून पडलेले माणूस तुझ्या ओळखीचे असते तर.

गाण्यात नसलेल्या आणखी एका माणसाविषयी लिहिल्याशिवाय आम्हां अध्यापकांना हा लेख पुरा करवत नाही. गोळीबारानंतर शेकडो विद्यार्थी उतारावर बसून राहिले. काही जण सैनिकांवर चालून जाण्याच्या मनःस्थितीत होते. पांगला नाहीत तर पुन्हा गोळ्या झाडू, असा इशारा मिळाला होता. ग्लेन फ्रँक हे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक त्या दिवशी शांतता राखण्यासाठी नेमलेल्या अध्यापकांपैकी होते. त्यांनी अधिकाऱ्यांकडे वेळ मागून घेतला आणि मग विद्यार्थ्यांपुढे उभे राहून रडत, हात जोडावेत तशा आवाजात, येथून निघून जा म्हणून विनवले. त्या विनवणीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात वक्तृत्व नाही, आवाज फुटलेला आहे. विद्यार्थी उठले आणि गेले. चारचा आकडा चारवरच थांबला याचे श्रेय मोठ्या प्रमाणात त्यांना दिले जाते. कोणत्याही गाण्यात ते नाहीत, कारण जे घडले नाही त्याचे गाणे रचता येत नाही.

गाणे हे इतिहासाचे साधन म्हणून वापरावे काय, असा प्रश्न आमच्या वर्गांतही निघतो. 'ओहायो'कडे पाहून आमचे उत्तर असे आहे : घटना काय घडली हे त्यातून कळत नाही, पण ती घडून सतरा दिवस झाले असताना काय वाटत होते हे दुसऱ्या कोणत्याही कागदापेक्षा अधिक कळते. आयोगाचा अहवाल नेमस्त आहे, न्यायालयाचे कागद कोरडे आहेत, तडजोडीच्या निवेदनातला शब्द न् शब्द वकिलांनी तोललेला आहे. तोललेले नाही ते एवढेच, शेवटच्या अर्ध्या मिनिटातले ते ओरडणे. मात्र ते ऐकून झाल्यावर पुस्तक उघडावे लागते. क्राउझ, मिलर, शॉयर, श्रोडर ही नावे, आणि त्यांच्यापाठोपाठ गिब्ज आणि ग्रीन ही नावे, तेथेच सापडतात.